जंक्शनचं तापमान काढा चार आरसी जोड्यांत, पण फॉस्टरला हीटसिंक जोडू नका

मॉसफेट किंवा आयजीबीटी या पॉवर स्विचचं जंक्शन, म्हणजे चिपच्या आतला तापणारा भाग, किती तापतंय हे बघायला दर वेळी थ्रीडी सिम्युलेशन लावून तासन्‌तास बसायची गरज नाही, तीन-चार आरसी जोड्यांत, म्हणजे उष्णतेचा रेझिस्टन्स आणि कपॅसिटर यांच्या जोड्यांत, काम भागतं. अशा जोड्यांच्या मॉडेलला फॉस्टर म्हणतात.

डेटाशीटमधला ट्रान्झियंट थर्मल इम्पीडन्सचा (पल्स जितका वेळ चालेल त्यानुसार दर वॅटमागे किती अंश वाढ) ग्राफ घ्या, सिंगल पल्सवाली रेघ, आणि त्यावरचे पॉइंट उचला. पॉइंट लॉग स्केलवर सारख्या अंतराने घ्यायचे, नाहीतर सगळे शेवटीच गोळा होतात आणि सुरुवातीचा भाग, म्हणजे खुद्द चिपचं तापणं, फिटमध्ये येतच नाही. टाइम कॉन्स्टंट, म्हणजे जोडी किती वेगाने भरते त्याचं माप, वेळेच्या साधारण दर दहापटीला एक धरा. एखादा रेझिस्टन्स निगेटिव्ह आला की एक जोडी कमी करून परत फिट करा, आणि सगळ्या रेझिस्टन्सची बेरीज स्टेडी स्टेटच्या आकड्याशी जुळलीच पाहिजे.

समजा रेझिस्टन्स आले ०.०२, ०.०८, ०.२५, ०.१५ केल्विन प्रति वॅट आणि टाइम कॉन्स्टंट ०.२, ३, ३० आणि ३०० मिलिसेकंद. आता १०० वॅटचा १० मिलिसेकंदांचा पल्स दिला तर पहिल्या दोन जोड्या जवळपास पूर्ण भरतात, तिसरी २८ टक्के, चौथी जेमतेम ३ टक्के, म्हणजे एकूण वाढ साधारण १७ अंश. नुसत्या ०.५ ने गुणलं असतं तर ५० अंश आले असते, आणि उगाच मोठा डिव्हाइस घेतला असता!

बदलत्या पॉवरसाठी प्रत्येक जोडीचं जुनं तापमान ठरलेल्या फॅक्टरने घटवा, नवी भर टाका, मग चारही बेरजेत घ्या, इतकं हलकं गणित साध्या मायक्रोकंट्रोलरवरही चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या फॉस्टर मॉडेलमधले मधले नोड, म्हणजे जोड्यांमधले सांधे, हे चिप, सोल्डर, बेसप्लेट असं काहीही नाही, ते फक्त फिटचे आकडे आहेत. त्याच्या टोकाला हीटसिंकचं मॉडेल जोडलं तर जंक्शनला दिलेली उष्णता त्याच क्षणी हीटसिंकपर्यंत पोचते, प्रत्यक्षात तिला थर पार करायला वेळ लागतो. हीटसिंक जोडायचाच असेल तर आधी कावर नेटवर्कमध्ये रूपांतर करा, तिथे प्रत्येक कपॅसिटर ग्राउंडला असतो त्यामुळे उष्णता एकेक थर भरत पुढे जाते.

आणि एक, सिलिकॉनची उष्णता वाहून न्यायची क्षमता तापमान वाढलं की घटते, ही मॉडेल्स ते धरत नाहीत, म्हणून १७५ अंशांची मर्यादा असेल तर हिशोब १७० ला नेऊन ठेवू नका.