पावसात बाईकचा ब्रेक कसा मारायचा, नवीन चालवणाऱ्यांसाठी

पहिल्या पावसात रस्ता सगळ्यात जास्त घसरडा असतो कारण उन्हाळाभर सांडलेलं ऑइल पाण्यासोबत वर येतं, आणि नेमकं तेव्हाच नवीन पोरं घाबरून नुसता मागचा ब्रेक दाबतात. असं नका करू. ओल्या रस्त्यावर पण गाडी जास्त रोखतो तो पुढचाच ब्रेक, फक्त झटक्यात आवळायचा नाही. आधी थ्रॉटल (रेस) सोडा, मग दोन बोटांनी पुढच्या ब्रेकचा लिव्हर हळूच ओढा, पुढचे शॉक्स (शॉक अब्सॉर्बर) जरा खाली बसले की प्रेशर वाढवा, सोबत मागचा हलका ठेवा. क्लच लगेच दाबू नका, इंजिन पण गाडी रोखतं. पुढचं चाक लॉक झालं, म्हणजे फिरायचं थांबून घसरायला लागलं, तर लिव्हर सोडून परत हळू दाबा. पण एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) असेल तर लिव्हर थरथरला तरी सोडायचा नाही, दाबूनच धरा.

घाटात वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना स्पीड कमी करा. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं यांच्यावर ब्रेक नकोच.

मोकळ्या डांबरी जागेवर, हेल्मेट-बूट घालून, २० च्या स्पीडला प्रॅक्टिस सुरू करा.