मॉर्गन डॉलरचा ग्रेड ठरवताना या चुका टाळा

नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, कानावरचे केस सपाट दिसले की 'झिजलंय' म्हणून नाणं बाजूला ठेवायचं, ही मॉर्गन डॉलर हे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं पाहताना सर्वांत जास्त होणारी चूक. मीही बरेच दिवस हेच करत होतो. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचं १८९२चं एक नाणं मी याच कारणाने ट्रेमध्ये परत ठेवलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काही न बोलता ते उचललं आणि पैसे मोजले. केस सपाट होते हे खरं, पण ते नाणं कधी कुणाच्या खिशात गेलेलंच नव्हतं.

न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांवर ठसा बऱ्याचदा कच्चा उमटायचा. सॅन फ्रान्सिस्कोची १८८०-८१ची नाणी मात्र इतकी ठसठशीत, की गरुडाच्या छातीचं पीस न् पीस मोजावं. म्हणून आधी नाणं उलटं करा, गरुडाच्या खालच्या पुष्पहाराच्या गाठीखाली टांकसाळीचं अक्षर बघा. ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, सीसी म्हणजे कार्सन सिटी. अक्षरच नसेल तर फिलाडेल्फिया. ओ असेल तर केसांवरून निकाल देऊ नका.

मग निकाल कशावरून? चकाकीवरून. ठसा मारताना दाबाखाली धातू मध्यातून कडेकडे सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं कडेने धरून एकाच दिव्याखाली सावकाश कलतं करा. चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे फिरताना दिसतील. गाल, कानावरचे केस, गरुडाची छाती या उंच जागांवरून जाताना पट्टा तुटला आणि तिथे मळकट करडा रंग दिसला, तर ती झीज. पट्टा सपाट भागावरूनही अखंड गेला, तर ठसा कच्चा. छताच्या ट्यूबलाइटखाली हे काही दिसत नाही. टेबललॅम्प लावा, बाकीचे दिवे घालवा.

या एका फरकावर किती पैसे अडकलेले असतात ते बघा. नाण्याचा ग्रेड, म्हणजे दर्जा, १ ते ७० या आकड्यांच्या शेल्डन मोजपट्टीवर मोजतात. तिच्यावर ५० ते ५८ म्हणजे 'एयू', किंचित वापरलेलं. ६०पासून पुढे 'एमएस', न वापरलेलं. ५८चं नाणं ६०च्या नाण्यापेक्षा देखणं असू शकतं, कारण त्याच्यावर ओरखडे कमी असतात. ते 'एमएस' म्हणून विकायचा मोह भल्याभल्यांना होतो.

आता ओरखड्यांबद्दल. ही नाणी हजार-हजारच्या कापडी पोत्यांत भरून ठेवलेली असायची. एक डॉलर २६.७३ ग्रॅमचा, म्हणजे पोतं जवळपास २७ किलोंचं! ते आपटलं की नाणी एकमेकांवर घासायची. त्यामुळे न वापरलेल्या नाण्यावरही खुणा असणारच. त्या मोजत बसू नका, कुठे आहेत ते बघा. लिबर्टीच्या मोकळ्या गालावरची एक खोल खूण, केसांत लपलेल्या पाच खुणांपेक्षा ग्रेड जास्त पाडते. दहापट भिंगातून तर प्रत्येक नाणं रणांगण वाटतं. पाचपट पुरे, तेही शंका आली तरच. ग्रेड मुख्यतः नुसत्या डोळ्यांनीच ठरतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र घरची आहे. दिवाळीच्या आधी चांदीची भांडी चिंच नाहीतर रांगोळी लावून लखलखीत करायची सवय आपल्या हातांत मुरलेली. अमेरिकेतल्या मामाने दिलेला डॉलर काळपट दिसला, की तोही त्याच ताटात जातो. घासलं की त्या सरकलेल्या धातूच्या रेषाच जातात, आणि त्या परत आणता येत नाहीत. दिव्याखाली एका दिशेने गेलेले केसांसारखे बारीक ओरखडे, किंवा फिरणाऱ्या पट्ट्यांऐवजी सगळीकडे एकसारखी स्टीलच्या वाटीसारखी चमक दिसली, तर नाणं घासलेलं आहे. पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेड ठरवून देणाऱ्या कंपन्यांकडे पाठवलंत तर अशा नाण्याला बहुधा आकडाच मिळत नाही, 'डिटेल्स' शेरा मिळतो. काळसर थर हा गंधकाशी संयोग होऊन आलेला असतो. तो राहू द्या. अपवाद एकच: मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतल्या पीव्हीसीमुळे येणारा हिरवट चिकटा. तो धातू खातो. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं बुडवून काढा, खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस किंवा समई नको, आणि चोळू नका.

१९२१च्या नाण्यांसाठी वेगळी नजर लागते. जुने मूळ साचे १९१०मध्ये नष्ट केले होते, त्यामुळे १९२१ला नवे बनवले आणि त्यांचा उठाव कमी ठेवला. १८८१च्या नाण्याशेजारी ठेवून ते 'झिजलेलं' ठरवणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

सरावासाठी प्रदर्शनात स्लॅबमधली, म्हणजे ग्रेडचं लेबल लावून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली, नाणी हाताळायला मिळतात. लेबलवर अंगठा ठेवा, मनात आकडा धरा, मग अंगठा काढा. माझा अंदाज अजूनही कधीकधी दोन आकड्यांनी वर जातो, विशेषतः नाणं मला आवडलेलं असलं की.