गरम झाली की बंद पडणारी पद्मिनी

आमची प्रीमियर पद्मिनी सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची, पण खंबाटकी घाटात गचके देत बंद पडायची. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालू. गॅरेजवाल्याने गाडीतल्या पेट्रोल पंपावर खापर फोडलं. नळी काढून पाहिली तर पेट्रोल भरपूर, म्हणजे भानगड करंटची.

पॉइंटचा (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा संपर्क) गॅप नीट केला, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदलला (स्वस्त वस्तू, आधी तीच बदलावी). फरक शून्य. मग गाडी बंद पडल्या पडल्या कॉइलला (बॅटरीच्या करंटमधून ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा डबा) हात लावला तर चटकाच बसला. डिस्ट्रिब्यूटरमधली (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) मधली जाड वायर काढली, इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या लोखंडाजवळ धरली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पिवळट, मरतुकडी. थंड झाल्यावर तीच निळी, टचटच वाजणारी! म्हणजे गरम झाली की कॉइलच दगा देत होती. मल्टीमीटरही थंड कॉइलला ३ ओहम दाखवून ठणठणीत ठरवत होता. तेव्हा मोजायचं तर गरम असतानाच.

नवी कॉइल १२ व्होल्टची, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा वेगळा रोधक) न लागणारी घ्या. दीड ओहमवाली थेट जोडली तर पॉइंट जळतात. कॉइलच्या मायनसची वायर डिस्ट्रिब्यूटरकडे. बदलायला दोन नट आणि पंधरा मिनिटं पुरली.