पान, पृथ्वी आणि दोन हात: पर्यावरण संस्थेचा लोगो करताना या चुका टाळा

मे संपत आला की फोन सुरू होतात. "सर, ५ जूनला पर्यावरण दिनाचं वृक्षारोपण आहे, लोगो हवाय, साधासाच, एखादं पान टाका, झालं." जणू मंडपवाला खुर्च्यांबरोबर लोगोपण पाठवतो. ठाण्याच्या नौपाड्यात माझं छोटं ऑफिस आहे, डिझाइनचं काम करतो, संस्थांची कामं पैसे कमी असले तरी आवडीने घेतो, पण त्याच त्याच चुका बघून आता खरंच डोकं फिरतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुढचा फोन आला की हेच फॉरवर्ड करणार.

पानाचा रोग

मध्यंतरी ऐरोलीच्या बाजूला खाडीकिनारी सफाई होती. बरेच ग्रुप आलेले, प्रत्येकाने आपापले टी-शर्ट छापून आणलेले. जवळजवळ सगळ्यांच्या छातीवर हिरवा गोल, गोलात पान किंवा पृथ्वी, आणि खालून दोन तळवे ती पृथ्वी सांभाळतायत. दोन दिवसांनी एका संस्थेच्या सेक्रेटरी मॅडमचा मेसेज आला, सोबत ग्रुप फोटो, आणि प्रश्न काय, तर "यातली आपली माणसं कुठली ते ओळखता येतंय का, रिपोर्टसाठी क्रॉप करायचेत". सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, तोंडाला रुमाल, ओळखायला काय ते टी-शर्टच होते आणि त्यांचाच उपयोग नाही. देणगीदाराला पाठवायचा फोटो होता तो. शेवटी मॅडमनी चपलांवरून माणसं ओळखली.

आता हे पान आयुर्वेदिक साबणावर असतं, सेंद्रिय गुळाच्या पाकिटावर असतं, घोडबंदर रोडच्या टॉवरच्या होर्डिंगवरही असतं, ज्या टॉवरसाठी झाडं तोडली त्याच्यावर तर हमखास असतं. मग तुमचं पान बघून कोणाला काय कळणार?

आणि पानाशिवाय भागत नाही हे मला कोणी सांगू नये. भारत सरकारचं इकोमार्क १९९१ चं, पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तूंवर लावायचं चिन्ह, त्यात पान नाही, मडकं आहे. मातीतून येतं, मातीत जातं, संपला विषय. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, १८८३ ची संस्था, त्यांच्या लोगोत धनेश पक्षी आहे आणि तो उगाच आलेला नाही, विल्यम नावाचा एक धनेश कित्येक वर्षं त्यांच्या ऑफिसातच राहायचा. स्वच्छ भारतचा गांधीजींचा चष्मा आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी केला, २०१४ साली, झाडू न दाखवता. ही सगळी चिन्हं एका ठरावीक गोष्टीला धरून आहेत, "निसर्ग" ह्या ढगळ कल्पनेला धरून नाहीत.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. संस्थेच्या लोकांना मी उद्दिष्टं विचारतच नाही कारण ती सगळ्यांची एकच असतात, जनजागृती आणि संवर्धन. मी विचारतो की रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही कुठे असता आणि तेव्हा तुमच्या हातात काय असतं. तिथून काहीतरी मिळतंच. एक ग्रुप म्हणाला गमबूट, कारण खाडीच्या चिखलात चपला रुततात. गमबूटाचा लोगो कमिटीला पटला नाही ती गोष्ट वेगळी (एक काका म्हणाले आपण म्युनिसिपाल्टीचे वाटू), पण त्या बोलण्यातूनच पुढे तिवराची (हे खारफुटीतलं झाड) मुळं आली. तिवराखाली भरती ओसरल्यावर जाऊन बघा, चिखलातून वर आलेली शेकडो बारीक उभी मुळं दिसतात, झाड त्यातून श्वास घेतं. एक आडवी रेघ आणि तिच्यावर कमी-जास्त उंचीच्या उभ्या रेघा, बास, तेवढ्यात खाडीकिनाऱ्याचा माणूस ओळखतो. लॅपटॉप उघडायच्या आधी जागेवर जा. हे सांगितलं की नवीन मुलांचे चेहरे पडतात, पिंटरेस्टवर सगळं असताना चिखलात कशाला जायचं!

चुकीचा पक्षी

नवी मुंबईत पानाची जागा आता फ्लेमिंगोने घ्यायला सुरुवात केलीय. पुतळे झाले, भिंती रंगवून झाल्या, शहरालाच फ्लेमिंगो सिटी म्हणतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलं, त्यामुळे अभिमान वाटणारच, वाटू दे. पण पक्षी तरी आपला घ्या ना.

नेरूळकडचा एक ग्रुप होता, पाणथळ जागा वाचवण्यासाठी धडपडणारा, मनापासून काम करणारी माणसं. लोगो कोणाच्या तरी भाच्याने केला होता, रात्रीतून. नेटवरून तयार चित्र (वेक्टर) उचललेलं: भडक केशरी-लाल फ्लेमिंगो, मागे मावळता सूर्य, बाजूला नारळासारखं दिसणारं पाम. टी-शर्ट छापले, स्टँडी उभी केली, आणि पहिल्याच पक्षीनिरीक्षणाला गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या एक काकू आल्या, त्यांनी स्टँडीकडे बघून शांतपणे विचारलं, "हा कॅरिबियनचा आपल्याकडे कधी आला हो?" सगळे गप्प. अख्खं अंग केशरी-लाल असलेला फ्लेमिंगो अमेरिकेकडचा. आपल्याकडे दोन येतात, मराठीत त्यांना रोहित म्हणतात. मोठा रोहित जवळजवळ पांढरा, अगदी फिका गुलाबी, चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. छोटा रोहित जास्त गुलाबी आणि चोच एवढी गडद लाल की लांबून काळीच वाटते. आणि ह्याच मुद्द्यावर नंतर त्या ग्रुपची हरकत एका मीटिंगमध्ये हसण्यावारी नेली गेली, "ज्यांना स्वतःचा पक्षी माहीत नाही ते पाणथळ काय वाचवणार" असं कोणीतरी बोललं म्हणे. लोगोने काम बिघडवलं, ते असं.

माझ्याकडे आले तेव्हा आम्ही पाम आणि सूर्य आधी उडवले. मग पाय. त्या चित्रात गुडघा माणसासारखा पुढे वाकलेला होता. फ्लेमिंगोच्या पायाच्या मधोमध जो सांधा दिसतो तो गुडघा नसतोच, घोटा असतो, म्हणून तो मागे वाकतो, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. आणि मुख्य म्हणजे खाडीवर फ्लेमिंगो पोझ देऊन उभा नसतो हो, तो खात असतो. मान खाली, डोकं उलटं, चोचीची वरची बाजू चिखलाकडे. शेवटी लोगोत तेवढंच ठेवलं, मानेचा बाक आणि उलटी चोच, एकाच रंगात. त्या काकूंना आधी दाखवला, त्यांनी चोचीचा कोन दोनदा बदलायला लावला, मी निमूट बदलला. तेव्हापासून प्राणी-पक्षी-झाड काहीही असलं तरी कमिटीच्या आधी मी जाणकाराला दाखवतो. पैसे लागत नाहीत, फार तर चहा पाजावा लागतो.

याच जातीच्या बाकीच्या चुका भराभर: ठाण्याच्या येऊर जंगलातल्या ग्रुपसाठी बिबट्या म्हणून चित्ता टाकणं (बिबट्याच्या अंगावर पोकळ ठिपके, फुलासारखे गुच्छ, चित्त्याचे भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ). खारफुटीच्या संस्थेला पिंपळाचं पान लावणं. कॅनडाचं मेपल लावणं, हेही पाहिलंय.

शिक्का मारून बघा

स्क्रीनवर सगळेच लोगो छान दिसतात. संस्थेचा लोगो जगतो कुठे, तर पावती पुस्तकावर, शिक्क्यात, टोपीच्या एम्ब्रॉयडरीत, झेरॉक्समध्ये आणि व्हॉट्सअॅपच्या गोल डीपीत. तिथे तुमचं ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात विरघळणारे रंग), तुमचं पाण्याच्या थेंबातलं झाड आणि झाडातला चेहरा, सगळं एक काळा डाग होतं.

डब्ल्यूडब्ल्यूएफ या जगभर वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा पांडा १९६१ चा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ची-ची नावाची पांडा होती, तिच्यावरून पहिली स्केचेस जेराल्ड वॉटरसनने केली आणि मग पीटर स्कॉटने लोगो काढला. काळा-पांढरा प्राणी घेण्यामागे छपाईचा खर्च वाचवणं हे एक सरळ कारण होतं. एवढी मोठी संस्था खर्चाचा विचार करते आणि इथे गल्लीतल्या ट्रस्टला सात रंग हवेत! स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते, वेगळे पैसे लागतात, मग बजेट संपलं की टी-शर्ट एकाच रंगात छापतात आणि लोगो ओळखू येत नाही.

माझी टेस्ट फुकटात होते. लोगो नखाएवढा प्रिंट काढायचा, स्टेशनजवळच्या कुठल्याही दुकानात त्याची झेरॉक्स काढायची, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्यातून ओळखू आला तर रंगाकडे वळायचं, नाहीतर परत पेन्सिल. काळ्या-पांढऱ्यात पास होईपर्यंत मी क्लायंटला रंग दाखवतच नाही, कितीही मागे लागले तरी. एकदा हिरवा दिसला की पुढची सगळी मीटिंग "जरा अजून फ्रेश हिरवा" ह्यातच जाते.

आणि तो फ्रेश, रेडियम टाइप हिरवा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या नेहमीच्या चार शायांत) छापताच येत नाही, मळकट येतो, मग प्रिंटरवाल्या दादाशी भांडण. त्याची चूक नसते. गडद हिरवा घ्या, किंवा हिरवाच नका घेऊ, ठाणे खाडीचा अर्ध्याहून जास्त रंग राखाडी आणि तपकिरी आहे.

फ्लेक्स पीव्हीसीचा असतो. प्लास्टिकविरोधी मोहिमेचा फ्लेक्स, यावर मी अजून काय बोलू. कापडावर छापता येईल असाच लोगो करा.

नाव आणि अक्षरं

"अमुक पर्यावरण संवर्धन बहुउद्देशीय सेवाभावी संस्था (रजि.)", हे सगळं गोलाच्या कडेने फिरवायचं, खाली स्थापना वर्ष, मध्ये ब्रीदवाक्य, आणि उरलेल्या जागेत लोगो. डीपीमध्ये त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. पूर्ण नाव लेटरहेडवर आहे ना, मग लोगोला लोक बोलताना जे नाव घेतात तेवढंच द्या, आणि नावाशिवाय नुसतं चिन्ह वेगळं करून ठेवा.

देवनागरीचे हाल तर विचारू नका. इंग्रजीत अक्षरं लांब-लांब ठेवली की ऐटदार दिसतात म्हणून तेच मराठीला करायचं, मग शिरोरेषेचे तुकडे पडतात. इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरमध्ये इंडिक (भारतीय लिपींचा) ऑप्शन चालू न करता टाइप केलं की पहिली वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली तो ऑप्शन आहे, तो चालू करून पॅराग्राफ पॅनलमधून साउथ एशियन कंपोझर निवडायचा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का तेही बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचेच येतात. आणि मराठी वाचता येणाऱ्या माणसाने एकदा तरी वाचल्याशिवाय छापायला देऊ नका, "पर्यावरण"मधला रफार हरवलेले बॅनर मी ह्याच डोळ्यांनी पाहिलेत.

तयार माल

टेम्पलेटवाले आणि एआयवाले, तुमच्यासाठी वेगळं लिहायचा उत्साह नाही. तयार साइटवरचं चिन्ह तुमच्याआधी कोणीतरी वापरलेलं असतं आणि उद्याही कोणी वापरेल, त्यावर हक्क सांगता येत नाही. एआयने दिलेलं चित्र बहुतेक वेळा जेपीजी-पीएनजी असतं, मोठं केलं की फाटतं, आणि त्यातली मराठी बघून तर हसू येतं. स्केचसाठी वापरा, माझं काही म्हणणं नाही, पण पाच मिनिटांत फायनल झालेला लोगो पुढे पाच जणांना निस्तरावा लागतो आणि त्यातला एक बहुतेक मी असतो.

रिसायकलिंगचे तीन बाण १९७० साली गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढले. ते कोणीही वापरू शकतं, म्हणून ते तुमचा लोगो होत नाहीत. अशोकस्तंभ तर अजिबात नको, संस्था सरकारी वाटावी म्हणून टाकतात काही जण. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे.

फाइल कुठाय?

लोगो व्हॉट्सअॅपवर जेपीजी म्हणून फिरत राहतो, दर फॉरवर्डला अजून धूसर होतो, आणि मूळ फाइल जुन्या सेक्रेटरीच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये. संस्थेच्या स्वतःच्या ईमेलच्या ड्राइव्हवर एक फोल्डर करा, पासवर्ड निदान दोघांकडे ठेवा. त्यात एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल), पीडीएफ, पारदर्शक पीएनजी, एकरंगी आवृत्ती, आणि रंगांचे आकडे लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल. अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत) कन्व्हर्ट केलेली असू द्या, नाहीतर प्रिंटरकडे तो फॉन्ट नसतो आणि नावाच्या जागी चौकोन येतात. कोरलड्रॉ सॉफ्टवेअरची फाइलपण ठेवा आणि ती जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करा, कारण बऱ्याच प्रिंटिंगवाल्यांकडे अजून जुनंच कोरल आहे आणि नवीन फाइल त्यात उघडत नाही.