लाकडी जमिनीच्या फटी भरताय? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातून ठरलेला फोन येतो. "काका, माडीवरच्या फळ्यांत फटी पडल्यात, कुठलं फिलर आणू?" मी विचारतो, फटी की भोकं? पलीकडून उत्तर, "तेच ते."

तेच ते नाही. भोक एकाच फळीत असतं. खिळ्याचं असेल, गाठ गळून पडल्याचं असेल, किडीचं असेल. फट मात्र दोन फळ्यांच्या मध्ये असते, आणि त्या दोन्ही फळ्या वर्षभर हलत असतात. बडोद्याच्या मे महिन्यात लाकूड आकसतं, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फुगतं. सागवान त्यातल्या त्यात गुणी, तरी वीतभर रुंदीची फळी या दोन ऋतूंत मिलिमीटर-दीड मिलिमीटर सहज सरकते, आणि तीही लांबीत नाही, रुंदीत, म्हणजे नेमकी फटीच्या दिशेनं. म्हणून भोकात कडक मसाला चालतो, फटीत चालत नाही. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो डबे विकायला बसलाय.

रावपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं. घरात लग्न, मुहूर्त मे अखेरचा. दिवाणखाना माडीवर, खाली तुळया आणि त्यांवर सागाच्या रुंद फळ्यांची तक्तपोशी. घरातल्या मुलानं व्हिडिओ बघून इपॉक्सी आणलं, म्हणजे दोन डब्यांतला माल एकत्र कालवला की दगडासारखा कडक होणारा मसाला, आणि मिस्त्रीकडून भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळ्या फटी काठोकाठ भरून घेतल्या. मिस्त्री म्हणाला, "चालशे." घासून पॉलिश झालं, जमीन एकसंध दिसली, पाहुण्यांनी कौतुक केलं. आषाढात आजींचा फोन आला, "अरे, जमीन वर आलीय, दार उघडत नाही!"

जाऊन बघतो तर खोलीच्या मध्यावर चार-पाच फळ्या उचलल्या गेलेल्या, खिळे तुळईतून अर्धे उपटलेले, भिंतीलगतच्या फळीला लांबलचक चीर. फुगायला आडवी जागाच उरली नव्हती, तेव्हा लाकूड वर गेलं. इपॉक्सी मात्र जिथल्या तिथं, ओरखडासुद्धा नाही. मुलगा म्हणाला, "काका, डब्यावर लिहिलं होतं, लाकडापेक्षा मजबूत." अरे बाबा, तेच तर दुखणं आहे.

पावसाळा संपेपर्यंत काही करता येत नव्हतं. दसऱ्यानंतर फळ्या बऱ्याचशा आपोआप खाली बसल्या. मग प्रत्येक फट कापून इपॉक्सी काढलं आणि फळ्या तुळयांना स्क्रूनं पुन्हा आवळल्या. भरण्यापेक्षा काढण्याचा खर्च कितीतरी जास्त आला.

माझी पद्धत म्हणाल तर दोन मिलिमीटरपर्यंतच्या फटीला मी हातच लावत नाही. जुन्या घराच्या जमिनीला फटी असायच्याच. फट मोठी असेल, खालच्या खोलीत कचरा पडत असेल, तर जुन्या सागाची पातळ पट्टी रंध्यानं किंचित निमुळती करायची, गोंद फक्त एका बाजूला लावायचा आणि हलक्या हातानं ठोकायची. दोन्ही बाजूंना गोंद लावलात की पुन्हा रावपुरा. हे काम दसऱ्याच्या सुमारास करावं, तेव्हा लाकूड फार फुगलेलंही नसतं आणि आकसलेलंही नसतं. पट्टी घडवायचा कंटाळा असेल तर सुती दोरी फळीच्या रंगात रंगवून, वाळवून, पृष्ठभागाच्या जरा खाली दाबून बसवा. दोरी दबते आणि पुन्हा फुलते, कटकट करत नाही.

इपॉक्सी वाईट नाही. कुजून पोकळ झालेला कोपरा, गाठ गळालेला मोठा खळगा यांना तेच हवं. रंग आधीच मिसळा, कारण वाळल्यावर त्यावर पॉलिशचा रंग चढत नाही. आणि थोडं थोडं कालवा. एकदम मोठा गोळा केला की वाटीतच तापून घट्ट होतो.

माझी दुसरी डोकेदुखी म्हणजे पांढरा गोंद आणि भुसा. ही युक्ती प्रत्येकाला कुणीतरी मामा सांगतो. कारखान्यातला जाडा भुसा गोंदात कालवायचा आणि लिंपायचं, फुकटात काम. वाळल्यावर छान दिसतं. पॉलिशचा हात फिरला की खिळ्याच्या भोवती रुपयाएवढा फिकट पिवळा डाग उठतो, कारण गोंद लाकडाची छिद्रं बुजवतो आणि तिथं पॉलिश मुरत नाही. पुसताना बोटानं आजूबाजूला पसरलेला गोंद तर आणखी छळतो, दिसत नाही आणि जातही नाही. घासत घासत शेवटी तिथं खळगा पडतो.

भुसाच वापरायचा तर त्याच फळीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर घासून निघणारी मऊ पूड घ्या, आणि गोंदाऐवजी चपडा लाख स्पिरिटमध्ये दाट विरघळवून तिच्यात कालवा. भोकात जरा उंच भरा, कारण आटतं. वाळलं की दुसरा हात. बारीक भोकांना बाजारातलं पाण्याचं वूड फिलरही पुरतं, पण तेही आटतं. खोल भोक एका दमात भरणाऱ्यांनी नंतर खळगा दिसला म्हणून फोन करू नये.

रंग कोऱ्या लाकडाशी जुळवू नका. फळीवर स्पिरिटचा ओला फडका फिरवा, पॉलिशनंतर रंग साधारण तसा होतो. शंका असेल तर एक छटा गडद घ्या. गडद ठिपका गाठ म्हणून खपतो, फिकट खपत नाही.

भिंतीची पुट्टी: नको. चालताना भुगा होऊन निघते.

सिलिकॉन: पॉलिश त्यावर धरत नाही, आणि काढल्यावरही त्याचा तेलकटपणा मागे राहतो.

मेणाची कांडी सगळं पॉलिश झाल्यावर वापरा, आधी नाही.

भरण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फळी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत वाळवी असू शकते, आणि तिच्यावर फिलर म्हणजे तिला छप्पर. फळी पायाखाली करकरत असेल तर आधी ती तुळईला आवळा. हलत्या फळीतलं फिलर टिकत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा चिखल धुतल्या धुतल्या फिलर घेऊन बसलेले लोक मी पाहिले. वरून कोरडी दिसणारी फळी आतून कित्येक आठवडे ओली असते. टोचून ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं. आकडा बारा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा उघडू नका. आणि लॅमिनेटच्या कडा एकदा फुगल्या की त्याला फिलर नाहीच, तो तुकडा बदला.

काही जुने रंगारी अजून खडूची पूड अळशीच्या तेलात मळून लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, करतात. मला ती आवडते, पण वाळायला वेळ घेते आणि कोरं लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं, म्हणून आधी भोकात पॉलिशचा एक हात द्या. त्या तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून माडीच्या कोपऱ्यात फेकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर अंगणात एकेक सुटी पसरा.