फौजेतून उतरून साताऱ्यात वकिली करायची असेल तर

मी मूळचा ग्वाल्हेरचा. शिंद्यांबरोबर तिकडे गेलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक, त्यामुळे माझ्या मराठीत अजून हिंदी डोकावतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीत माझ्या कंपनीतली निम्मी पोरं खटाव-माणची होती. निवृत्तीनंतर त्यांच्याच मुलखात, साताऱ्यात, घर केलं आणि काळा कोट चढवला. आता कुणी सुभेदार नाहीतर मेजर भेटला की विचारतो, "सर, मला जमेल का हो?" जमेल. पण आधी हे वाचा.

प्रवेशाचं चटकन उरकतो. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवी लागते, खुल्या गटाला 45 टक्क्यांची. मग एमएच सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. वयाची अट नाही. साताऱ्यात रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे. जवानांनी मात्र एक नीट बघावं. पंधरा वर्षं सेवा झाल्यावर फौज जे 'ग्रॅज्युएशन'चं प्रमाणपत्र देते ते सरकारी नोकरीच्या अर्जापुरतं चालतं, लॉच्या प्रवेशाला नाही. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तरी बार कौन्सिलचा नियम आडवा येतो. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, नोंदणी फी खुल्या गटाला 750 रुपये. त्याहून जास्त घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ठणकावलंय. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा. तिथे कायद्याची कोरी पुस्तकं सोबत नेता येतात, म्हणून पाठांतरापेक्षा कुठलं कलम कुठे आहे ते ओळखीचं करून ठेवा. पेन्शन घेत वकिली करता येते, पण साखर कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर म्हणून पूर्णवेळ पगार खात असाल तर आधी ते सोडा.

आता अवघड भाग. तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान सिनियरच्या हाताखाली बसायचं. तो तुम्हाला 'साहेब' म्हणेल आणि पुकारा झाला की तारीख मागायला पाठवेल. जायचं. युनिटमध्ये आपण 'क्यों नहीं हुआ' विचारलं की काम व्हायचं. कोर्टाच्या कागदांच्या प्रती देणाऱ्या नक्कल विभागात तसं विचारलं तर तुमचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो, आणि गंमत म्हणजे कुणी मुद्दाम ढकलत नाही, आपोआप जातो. शिरस्तेदार, बेलीफ, टायपिस्ट, स्टॅम्प व्हेंडर यांना नावानिशी ओळखा. चहा पाजा, हुकूम सोडू नका. निदान वर्षभर एकही केस स्वतःच्या नावावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेन्शन असते ती याचसाठी.

त्या वर्षात कायद्याच्या जाड ग्रंथांआधी सातबारा वाचायला शिका. बाहेरून आलेल्याला गाव कळतं ते फेरफारातून, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींतून. जुने फेरफार काढले की कुठल्या भावाने बहिणीचं हक्कसोड कधी घेतलं, विहीर कुणाच्या हिश्शात गेली, सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात कुणाचं नाव अजून लटकतंय, सगळं समजतं. फौजी माणसाची भांडणं बहुतेक इथलीच. तो लेहला, इकडे चुलत्याने वारस नोंद परस्पर करून घेतली. तलाठी आणि मंडल अधिकारी यांच्या नोंदीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायची मुदत 60 दिवसांची असते. ती उलटून गेली असेल तर विलंबमाफीच्या अर्जाला त्याचा पोस्टिंगचा दाखला जोडा.

सेवेतला जवान तारखेला येऊ शकत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 28 उघडा. रजा मिळत नसेल तर कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून तो भावाला, बायकोला, कुणालाही दावा चालवायला लेखी अधिकार देऊ शकतो. त्याखेरीज 1925 चा सैनिकांच्या दाव्यांबाबतचा कायदा आहे. युद्धात किंवा विशेष परिस्थितीत असलेल्या जवानाविरुद्ध दावा चालू असेल तर कलेक्टरच्या दाखल्यावर काम थांबवता येतं, एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून मागता येतो. बार रूममध्ये हा कायदा काढला की जुनेजाणते वकीलही चष्मा पुसून बघतात.

आपलं खरं भांडवल मात्र पेन्शनच्या कामात. तिथे इतर वकील अडखळतात, कारण त्यांना पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या लग्न-मुलांसारख्या नोंदींचा युनिटचा आदेश, माहीत नसतो. विधवा वहिनी किंवा आजी आल्या की पहिल्या दिवशी फी, कलम काही बोलू नका. पिशवी उलटी करायला सांगा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बँक पासबुक, आधार, मृत्यूचा दाखला वेगवेगळे लावा आणि प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचा. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत. रेकॉर्ड ऑफिसात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेत तिसरंच स्पेलिंग. अर्ध्या तक्रारींना कोर्ट लागतच नाही. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पत्र, एवढ्यावर काम होतं. कोर्टात न जाता सुटलं तर अशील कमी पैसे देतो, पण पुढचे चार अशील तोच पाठवतो.

मृत्यू कुठल्या वर्गात धरला तेही तपासा. साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, सेवेमुळे झालेल्या मृत्यूचं विशेष 60, आणि लढाईतल्या मृत्यूचं उदारीकृत असेल तर 100 टक्के. फरक कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या, म्हणजे फौजेच्या अंतर्गत चौकशीच्या, एका ओळीवर ठरतो, म्हणून तिची प्रत मागवल्याशिवाय अर्ज लिहू नका. अपंगत्व पेन्शन 'सेवेशी संबंध नाही' म्हणून नाकारली असेल तर धरमवीर सिंग खटल्याचा 2013 चा निकाल बघा: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरतात, उलट सिद्ध करायचं ओझं फौजेवर. जुनी थकबाकी मात्र सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच पदरात पडते. अशिलाला हे आधीच सांगा, नाहीतर तो वीस वर्षांचा हिशेब मनात मांडून बसतो.

पाटीवर 'पेन्शन तज्ज्ञ' लिहायचं नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. हुद्दा मी स्वतः लावत नाही. न्यायाधीशांना त्याचं काही नसतं, आणि समोरचा वकील उगाच चेव येऊन उलटतपासणी लांबवतो.

फौजेच्या प्रकरणांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं पीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. जमिनीची, दिवाणी कामं हायकोर्टात गेली तर ऑगस्ट 2025 पासून सातारा जिल्ह्याला कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. सकाळची एसटी धरून संध्याकाळी परत येता येतं, तेव्हा अशिलाकडून मुंबईच्या मुक्कामाचा खर्च मागू नका.