कारखान्यात पहिली नोकरी: काय घालावं आणि काय घरी ठेवावं

आयटीआय किंवा डिप्लोमा संपला आणि चाकण, वाळूज, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कंपनीतून बोलावणं आलं, की बहुतेक मुलं आधी टोकदार बूट आणि अंगाला चिकटलेला स्लिम फिट शर्ट घेऊन येतात. हे कपडे मुलाखतीला आणि जॉइनिंगच्या दिवशी वापरून होतात. त्यानंतरची सगळी वर्षं ज्या कपड्यांत काढायची, त्यांच्याकडे मात्र पहिली शिफ्ट सुरू होईपर्यंत कुणी बघत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आपण नेमक्या कुठल्या मशीनजवळ उभे राहणार आहोत, हे माहीत करून घ्या.

पहिली पायरी: एक फोन करा

जॉइनिंगची तारीख कळली की एचआरला चार गोष्टी विचारा. विभाग कोणता? गणवेश आणि सेफ्टी शूज कंपनी देते का, आणि पहिल्या दिवशीच की काही दिवसांनी? लॉकर मिळेल का? सुरुवातीचे दिवस वर्गात प्रशिक्षण आहे की थेट शॉपमध्ये, म्हणजे मशीन चालतात त्या जागी? हे विचारल्याने कुणी नाराज होत नाही. उलट साइझ आधी कळला तर गणवेश आणि बूट देणाऱ्या स्टोअर विभागाचं काम सोपं होतं.

साइझ अंदाजाने सांगू नका. बनियनवर छातीचं माप घ्या आणि ते इंचात सांगा, 'एल' किंवा 'एक्सएल' नको, कारण प्रत्येक शिलाईवाल्याचा एल वेगळा असतो. कामाचा शर्ट छातीच्या मापापेक्षा साधारण ४ इंच सैल हवा. दोन्ही हात वर करून बघा. शर्ट पॅन्टमधून बाहेर येत असेल तर तो आखूड आहे.

दुसरी पायरी: मुलाखत आणि जॉइनिंग

इथे फार डोकं चालवायची गरज नाही. फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पॅन्ट, काळे साधे बूट, काळा पट्टा, गडद मोजे. शर्टाची खांद्यावरची शिवण खांद्याच्या हाडावर यावी आणि कॉलरचं बटण लावल्यावर दोन बोटं आत जावीत. नवा शर्ट एकदा धुऊन इस्त्री करून घाला. पाकिटातल्या घड्या तशाच ठेवून आलेला उमेदवार लगेच ओळखू येतो. मुलींसाठी साधा कुर्ता-सलवार किंवा शर्ट-पॅन्ट, दोन्ही चालतं. टाय आणि ब्लेझर नको. शॉप फ्लोअरवरच्या नोकरीच्या मुलाखतीत समोरचे प्रॉडक्शनवालेही बहुधा गणवेशातच बसलेले असतात.

मुलाखतीनंतर 'चला, जरा शॉप बघून येऊ' असं म्हणण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्यामुळे सँडल, उंच टाचा आणि गुळगुळीत तळाचे बूट त्या दिवशीही टाळा. कूलंट (मशीन थंड ठेवणारं तेलकट पाणी) सांडलेल्या फरशीवर पाय घसरतो.

तिसरी पायरी: सेफ्टी शूज

कंपनी देत नसेल किंवा उशिरा देणार असेल, तर खर्च इथे करा. बुटावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५२९८ हा क्रमांक बघा. या मानकाच्या दुसऱ्या भागातल्या बुटाची पुढची टोपी २०० जूलचा आघात झेलते. साध्या भाषेत, २० किलोचा जॉब (मशीनवर घडवायचा धातूचा तुकडा) साधारण १ मीटरवरून पायावर पडला तरी बोटं वाचावीत. 'स्टीलची टोपी असली की उलट बोटं तुटतात' असं शॉपमध्ये कुणी ना कुणी सांगतोच. टोपी दुमडेल एवढ्या वजनाखाली नुसत्या चामड्यातल्या बोटांचं काय होईल, एवढाच विचार करा. मात्र एकदा जोराचा मार बसला की तो जोड बाद करा. आत दबलेली टोपी बाहेरून दिसत नाही.

बुटावरच्या खुणाही वाचा. एस१ म्हणजे टोपी आहे आणि बूट अँटिस्टॅटिक आहे. एस१पी आणि एस३ मध्ये तळातून खिळा किंवा धातूची बर (कापताना निघालेला धारदार तुकडा) वर घुसू नये म्हणून आडवा थर असतो. फॅब्रिकेशन आणि मशीन शॉपला तोच घ्या. भट्टी, फोर्जिंग, फाउंड्री असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) तळाऐवजी नायट्राइल रबराचा तळ हवा, पीयू उष्णतेने मऊ पडतो. अँटिस्टॅटिक म्हणजे शॉकपासून बचाव, अशी एक समजूत आहे आणि ती धोक्याची आहे. तो बूट अंगातला स्थिर विद्युतभार हळूहळू जमिनीत सोडतो, म्हणजेच तो पूर्ण इन्सुलेटर नसतो. वीज चालू असलेल्या पॅनेलवर काम करणाऱ्यांचे बूट वेगळे असतात.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगलेले असतात. कामावर घालणार आहात तेच जाड सुती मोजे घालून बघा. बोटांपुढे साधारण १ सेंमी जागा हवी आणि करंगळी टोपीच्या कडेला घासता कामा नये. चामडं पुढे सैल होतं, स्टील होत नाही. नवा जोड थेट ८ तासांच्या शिफ्टला घातला तर टाच सोलते. आठवडाभर आधी घरी रोज दोन-तीन तास घालून फिरा. मुलींना लहान नंबर मिळत नाही, मग मोठ्या बुटात दोन मोजे घालून भागवलं जातं. असं करू नका, पाय आत सरकतो आणि जिन्यावर तोल जातो. लेडीज साइझ मागवून घ्यायला स्टोअरला सांगा.

चौथी पायरी: फिरत्या मशीनजवळचे कपडे

लेथ, ड्रिल, मिलिंग, कन्व्हेअर यांच्याजवळ एकच कसोटी असते: अंगावर लोंबणारं काही आहे का? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळच्या कामासाठी घट्ट बसणाऱ्या कपड्यांची अट घातली गेली ती याचसाठी. चक (लेथवर जॉब पकडून फिरवणारा भाग) बाही पकडतो तेव्हा ती फाटून सुटत नाही. ती गुंडाळली जाते आणि मागोमाग हात जातो. इमर्जन्सी बटणापर्यंत दुसरा हात पोहोचायला वेळ मिळत नाही.

म्हणून अर्ध्या बाह्या घाला, किंवा पूर्ण बाह्यांची मनगटावरची बटणं लावा. बाही दुमडायचीच तर आतल्या बाजूला दुमडा, बाहेरच्या घडीत बर अडकते. शर्ट आत खोचलेला हवा. हुडी नको, तिच्या दोऱ्या लोंबतात. पॅन्टची किनार बुटावर टेकेल इतकीच ठेवा आणि खाली पट्टी दुमडून शिवू नका. त्या घडीत गरम बर आणि ठिणग्या साठतात. वरच्या खिशाला झाकण असावं. वाकलात की पेन आणि सहाइंची स्टील पट्टी नेमकी मशीनमध्ये पडते.

ओळखपत्राची दोरी कंपनीच देते आणि तीच गळ्यात घेऊन मुलं ड्रिलवर वाकतात. ते कार्ड क्लिपने खिशाला लावा, किंवा ओढ बसताच सुटणारी दोरी मागा.

हातमोज्यांबाबत नवीन मुलांचा हमखास गोंधळ होतो. पत्रा, कास्टिंग, गरम जॉब उचलताना मोजे हवेत. ड्रिल किंवा लेथ फिरत असताना नकोत, कारण मोजाही बाहीसारखाच गुंडाळला जातो. बर काढायला हूक आणि ब्रश असतो.

पाचवी पायरी: गेटच्या आत न न्यायच्या गोष्टी

अंगठी. ती कडेला अडकली आणि तुम्ही उडी मारलीत तर बोटाची कातडी सोलून निघते. घट्ट झालेली अंगठी साबण लावून आदल्या दिवशीच काढून ठेवा. कडं, साखळी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळही घरीच. बॅटरीवर काम असेल तर १२ व्होल्टला शॉक बसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. टर्मिनल आणि बॉडीमध्ये अंगठी आली तर ती क्षणात लाल होते. मनगटावरचा गंडा किंवा राखी सोडवणं अनेकांना जड जातं. तो धागा दंडावर, बाहीच्या आत बांधा. मंगळसूत्र कपड्यांच्या आत घेऊन वरची बटणं लावा. ओढणी आणि काचेच्या बांगड्या लॉकरमध्ये ठेवा. केस लांब असतील, मुलाचे असोत की मुलीचे, त्यांचा अंबाडा घालून वर जाळी किंवा टोपी. नुसती पोनीटेल वाकल्यावर खांद्यावरून पुढे येते.

रोजचा चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे. त्याच्यावर बसणारा, बाजूने बंद असलेला गॉगल मागून घ्या.

विभागानुसार

वेल्डिंगला सुती किंवा चामड्याचंच घाला. पॉलिस्टर साधारण २५० ते २६० अंशांना वितळतं आणि त्वचेला चिकटतं, त्यामुळे आतलं बनियनसुद्धा सुती हवं. पॅन्ट बुटावरून खाली असावी, बुटात खोचलेली नको, नाहीतर ठिणगी थेट मोज्यात जाते. खिशात लायटर नको.

इलेक्ट्रॉनिक्स असेम्ब्लीत कंपनीचा ईएसडी कोट, म्हणजे अंगावरच्या स्थिर विद्युतभारापासून बोर्ड वाचवणारा कोट मिळतो. त्याची सगळी बटणं लावा. तो उघडा ठेवला तर आतल्या सिंथेटिक शर्टावरचा भार बोर्डापर्यंत पोहोचतो. अंगातला भार जमिनीत सोडणारा टाचेचा पट्टा दोन्ही पायांना लागतो आणि त्याची रिबन मोज्याच्या आत, त्वचेला टेकलेली हवी. शिफ्टच्या सुरुवातीला टेस्टरवर लाल दिवा लागला, तर बहुधा हीच रिबन बाहेर राहिलेली असते.

डिझाइन किंवा सॉफ्टवेअरच्या टेबलावर कॉलरचा टी-शर्ट आणि न फाटलेली जीन्स बहुतेक ठिकाणी चालते. पहिला आठवडा फॉर्मल घाला, मग टीमकडे बघून ठरवा. एसीसाठी एक स्वेटर खुर्चीला असू द्या. शॉपमध्ये जावं लागत असेल तर सेफ्टी शूज टेबलाखाली ठेवा.

धुणं आणि पावसाळा

सहा दिवसांच्या आठवड्याला तीन शर्ट आणि दोन पॅन्ट पुरतात. तेलकट गणवेश घरच्या कपड्यांत, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नका. हात पुसायचं वेस्ट (सुती धाग्यांचा गुंता) खिशात कोंबायची सवय लावून घेऊ नका. मांडीवर तेल दिवसभर राहतं आणि तिथे पुरळ उठतं. तेल मुरलेला सुती कपडा लवकर पेटतोही.

जूनपासून बाइकवरून येताना साध्या चपला घाला आणि बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणा. भिजलेच तर आत वर्तमानपत्र भरून पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर चामडं तडकतं. स्वस्त मिळाले म्हणून पीयू तळाचे दोन जोड आगाऊ घेऊन माळ्यावर टाकू नका. दमट हवेत काही वर्षांनी तो तळ न वापरताच भुसभुशीत होतो आणि घातल्यावर पहिल्याच दिवशी तुकडे पडतात.